डेकच्या स्टेनची शेड: १४ महिन्यांनंतर

आमच्या डेकला, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्याला, स्टेन (आतून लाकडाचे रेषे दिसू देणारा लाकडाचा रंग) लावून १४ महिने झाले. काम संपलं त्या संध्याकाळी काढलेला फोटो आणि आज सकाळचा फोटो शेजारी ठेवून हे लिहायला बसले आहे. ताज्या स्टेनचे फोटो सगळीकडे दिसतात आणि त्यात प्रत्येक शेड सुंदरच दिसते. मला शेड निवडताना हवं होतं ते वर्षभराचं ऊन-पाऊस खाल्लेल्या फळीचं वर्णन. ते फारसं मिळालं नाही, म्हणून हे जरा सविस्तर.

डेक ट्रीटेड (कीड-बुरशी लागू नये म्हणून रसायन मुरवलेल्या) पाइनच्या फळ्यांचा आहे, साधारण २५० चौरस फूट. निम्मा भाग छपराखाली, निम्मा उघड्यावर, आणि उघड्या भागावर दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन थेट येतं. तीन पायऱ्या आहेत, दोन बाजूंना कठडा आहे, मागची भिंत फिकट राखाडी. शेवटी लावला तो ऑइल-बेस्ड, सेमी-ट्रान्सपरंट स्टेन, सीडर म्हणतात तसा तांबूस तपकिरी.

मला मात्र हवा होता गडद वॉलनट. राखाडी भिंतीपुढे तो उठून दिसेल हे मनात पक्कं होतं. शेड-कार्डावर पाहून डबे मागवायच्या बेतात असताना सुतारकाकांनी एकच प्रश्न विचारला, "कार्डावरचं लाकूड कुठलं आहे?" मला सांगता येईना. पेंट लाकडाला झाकून टाकतो, त्यामुळे त्याचा रंग कार्डावर दिसतो तसाच लाकडावर उतरतो. स्टेनचं तसं नसतं. त्याच्या आतून लाकूड दिसत राहतं, म्हणजे आपल्या डोळ्याला दिसतो तो स्टेन आणि लाकूड यांचा मिळून झालेला रंग. एकाच डब्यातला स्टेन पाइनवर एक दिसतो, सागावर दुसरा. त्यात ट्रीटेड पाइनमध्ये तांब्याचे क्षार मुरवलेले असतात, त्यामुळे नव्या फळीला हिरवट झाक असते आणि ती फिक्या शेडमधून वर येते.

मग काकांच्या सांगण्यावरून उरलेल्या फळीचे पाच तुकडे केले. डेक जसा घासायचा होता तसेच ते घासले आणि प्रत्येकाला दोन हात दिले: रंग नसलेला क्लिअर, हनी, सीडर, ग्रे आणि वॉलनट. प्रत्येक तुकड्याचा अर्धा भाग दुसऱ्या पट्टीखाली झाकला, अर्धा उघडा ठेवला आणि सगळे डेकच्या सर्वांत तापणाऱ्या कोपऱ्यात सहा आठवडे ठेवून दिले. घरच्यांना हा उशीर पटत नव्हता. पण अख्ख्या कामात सर्वांत उपयोगी पडलं ते हेच, आणि कोणालाही मी आधी हेच करायला सांगेन.

सहा आठवड्यांनी पट्ट्या उचलल्या. क्लिअरच्या उघड्या भागावर करडेपणा चढायला लागला होता. हनी बराच फिकटला होता. ग्रेचं मला वाईट वाटलं, कारण भिंतीशी तो छान जुळत होता. पण तो कोरड्या दुपारी राखाडी, ओला झाला की हिरवट आणि संध्याकाळी निळसर दिसायचा. पाइनचा मूळचा पिवळेपणा आणि ट्रीटमेंटची झाक, दोन्ही राखाडीत मिसळत होती. सीडर आणि वॉलनटच्या झाकलेल्या-उघड्या भागांतली सीमारेषा शोधावी लागत होती.

याचं कारण समजलं तेव्हा शेडकडे बघण्याची माझी रीतच बदलली. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक असतो. उन्हातले अतिनील किरण तो तोडतात, पाऊस तो धुऊन नेतो आणि वर उरतात करड्या रंगाचे सेल्युलोजचे तंतू. जुनं लाकूड करडं पडतं ते यामुळे. हे किरण लाकडापर्यंत पोचण्याआधी अडवण्याचं काम स्टेनमधली रंगद्रव्यं करतात. तांबूस आणि तपकिरी शेडमध्ये बहुधा आयर्न ऑक्साइड असतं आणि ते या कामात फार तरबेज आहे. क्लिअरमध्ये रंगद्रव्यच नाही, म्हणून पाणी त्यावर छान घरंगळतं तरी ऊन आत शिरतंच. म्हणजे शेड हा दिसण्याइतकाच टिकण्याचाही प्रश्न आहे. मी तोवर शेड म्हणजे फक्त आवडीची गोष्ट समजत होते.

टिकण्यात वॉलनट पुढे होता, तरी तो गळाला तो उष्णतेमुळे. दुपारी तीनला पाचही तुकड्यांवर अनवाणी पाय ठेवून पाहिला. हनीवर उभं राहता येत होतं, सीडरवर थोडं चटकत होतं, वॉलनटवरून पाय लगेच उचलावा लागला. आई संध्याकाळी डेकवर अनवाणीच फिरते आणि तिच्या तळपायांना भेगा आहेत. तिथेच निर्णय झाला. ज्यांचा डेक दिवसभर सावलीत असतो त्यांना गडद शेडची ही अडचण येणार नाही. गडद रंगावर धूळ आणि वाळलेल्या पाण्याचे पांढुरके डागही जास्त दिसतात. फारच फिक्यावर पानांचे डाग आणि बुरशीचे काळे ठिपके दिसतात. मधला तपकिरी दोन्ही पोटात घालतो. माझा डेक आठवड्यातून एकदा झाडला तरी नीटनेटका वाटतो, आणि याची किंमत मला राहायला लागल्यावर कळली.

आणखी एक गोष्ट मनात होती. फिक्यावरून गडदकडे कधीही जाता येतं, वरून एक हात दिला की झालं. गडदवरून फिक्याकडे यायचं तर सगळं खरवडून, स्ट्रिपर (जुना रंग सोडवणारं रसायन) लावून, घासून मूळ लाकडापर्यंत यावं लागतं. दोन शेडमध्ये मन अडलं असेल तर फिकी घ्यावी, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

शेडबरोबर पारदर्शकता निवडायची असते आणि तिथे बरेच जण गोंधळतात. ट्रान्सपरंट, सेमी-ट्रान्सपरंट, सेमी-सॉलिड, सॉलिड अशा चढत्या क्रमानं रंगद्रव्य वाढत जातं, उन्हापासूनचं संरक्षण वाढतं आणि लाकडाचे रेषे झाकले जातात. सॉलिड सर्वांत जास्त टिकेल असं वाटतं आणि कठड्यावर ते खरंही आहे. पण सॉलिड स्टेनचा थर पेंटसारखा पृष्ठभागावर बसतो. डेकच्या चालण्याच्या फळ्यांवर मात्र पाय घासतात, पाणी साचतं, खालून ओल येते आणि काही काळानं त्याचे पोपडे निघतात. आमच्या ओळखीत एका घरी ते पाहिलं आहे. दारापासून पायऱ्यांपर्यंत सोललेला पट्टा होता आणि दुरुस्तीला सगळा डेक घासावा लागला. सेमी-ट्रान्सपरंट आत मुरतो. तो झिजतो, फिकटतो, पण सोलत नाही. मला पुन्हा पुन्हा हात द्यायला चालेल, खरवडायला नको.

आता घासण्याबद्दल, कारण रंगावर त्याचा इतका परिणाम होतो हे मला माहीत नव्हतं. आमच्या फळ्या बसवून पाच महिने तशाच राहिल्या होत्या आणि वरून करड्या पडल्या होत्या. आधी ऑक्सिजन ब्लीचच्या क्लीनरनं धुतल्या, मग लाकूड उजळवणारा ऑक्झॅलिक ॲसिडचा ब्राइटनर मारला आणि भरपूर पाण्यानं धुऊन टाकला. करडेपणा जाऊन लाकूड पुन्हा बदामी झालं, ते पाहून खूप बरं वाटलं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करावं, आणि कुंड्यांवर ते पाणी जाऊ देऊ नये. नंतर चार दिवस कडक सुकवलं. ओलावा मोजायचं यंत्र काकांकडे होतं, १५ टक्क्यांच्या खाली आकडा आल्यावरच त्यांनी डबा उघडू दिला. यंत्र नसेल तर फळीवर थोडं पाणी शिंपडून बघता येतं: ते लगेच मुरलं तर लाकूड स्टेन प्यायला तयार आहे, थेंब तसेच उभे राहिले तर थांबावं.

डेक ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासला. पायऱ्या मात्र मी हौसेनं १५० नंबरनं आणखी गुळगुळीत केल्या. ती माझी चूक होती. जितकं गुळगुळीत तितकी लाकडाची तोंडं बंद होतात आणि स्टेन कमी मुरतो. पहिल्याच दिवशी पायऱ्या डेकपेक्षा अर्धी शेड फिकट दिसल्या, आणि सर्वांत आधी झिजल्याही त्याच. फर्निचरचा नियम डेकला लावायचा नसतो.

स्टेन सकाळी, फळी सावलीत असताना लावला. तापलेल्या लाकडावर तो मुरण्याआधीच सुकतो आणि जोडावर पट्टे उमटतात. एका वेळी दोनच फळ्या घ्यायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता जायचं. सगळे डबे आधी एका मोठ्या बादलीत एकत्र केले, कारण एकाच शेडच्या दोन डब्यांत किंचित फरक असू शकतो. बादली अधूनमधून तळापासून ढवळावी लागते. रंगद्रव्य खाली बसतं आणि न ढवळता पुढे गेलं तर शेवटच्या फळ्या गडद येतात. फळ्यांची कापलेली टोकं सर्वांत जास्त स्टेन पितात, तिथे ब्रश दोनदा फिरवला.

दुसरी चूक छपराखालच्या कोपऱ्यात झाली. जास्त लावलं की जास्त टिकेल या समजुतीनं मी तिथे सढळ हातानं लावलं आणि १५-२० मिनिटांनी वरचा उरलेला स्टेन पुसायला विसरले. लाकडाला जेवढा मुरवता येतो तेवढाच ते घेतं. बाकीचा वर राहिला, चिकट आणि चकाकणारा. आठवडाभर चपला चिकटत होत्या. शेवटी टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसून काढला, तरी तो कोपरा आजही जरा गडद आहे.

फडक्यांबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. ऑइल-बेस्ड स्टेन पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्यातलं तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि ढिगाऱ्यात ती कोंडली तर फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. एकेक फडकं मोकळ्या हवेत पसरून कडक सुकवावं, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावं.

आजची स्थिती अशी. छपराखालचा भाग जवळजवळ पहिल्या दिवसासारखा आहे. कठडाही तसाच, कारण उभ्या लाकडावर ऊन तिरपं पडतं आणि पाणी थांबत नाही. उघडा भाग एक शेड उतरला आहे. तांबूसपणा कमी होऊन थोडा मधाळ झाला आहे आणि खरं सांगायचं तर मला तो पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. रेषे स्पष्ट दिसतात, गाठींभोवती गडद वलयं खुलली आहेत. दारापासून पायऱ्यांपर्यंत चालण्याचा पट्टा मात्र वेगळा कळतो, आणि तिथे पाण्याचे थेंब आता उभे राहत नाहीत.

कुंड्या सहा महिने एकाच जागी राहिल्या होत्या. उचलल्या तेव्हा खाली गोल, गडद आणि ओलसर ठसे निघाले. आता त्यांना पाय लावले आहेत, खालून हवा जाते, पण ठसे अजून पुसट दिसतात. लोखंडी खुर्चीच्या पायांचे गंजाचे डाग पडले होते ते ऑक्झॅलिक ॲसिडनं गेले. जाताना तिथला स्टेनही थोडा घेऊन गेले. खुर्चीच्या पायांना रबरी टोप्या आधीच घालायला हव्या होत्या.

पाऊस उघडून फळ्या सुकल्या की उघड्या भागाला आणि पायऱ्यांना एक पातळ हात द्यायचा आहे. पायऱ्या या वेळी ८० नंबरनंच घासणार. छपराखालच्या भागाला हात लावणार नाही, कारण तिथे आधीचं रंगद्रव्य शाबूत आहे आणि वरून आणखी दिलं तर तो भाग गडद होत जाईल. तीच सीडर घ्यावी की एक शेड फिकी, हे अजून ठरलेलं नाही. सहा आठवडे उन्हात राहिलेला सीडरचा तुकडा मी जपून ठेवला होता, तो आता वर्षभर डेकच्याच कोपऱ्यात पडून डेकइतकाच फिकटला आहे. काल त्याच्या एका अर्ध्यावर सीडरचा आणि दुसऱ्या अर्ध्यावर हनीचा हात दिला आहे आणि तो पुन्हा त्याच कोपऱ्यात ठेवला आहे.