उपकेंद्राची सिस्टर: नोंदणीपासून बाळाच्या चौदाव्या आठवड्यापर्यंत

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्राची सेवा दहा महिने वापरून झाल्यावरचे हे मत. तपासणी आणि लसीकरणाला पैकीच्या पैकी गुण. बाळंतपणानंतरच्या घरभेटींना निम्मेच, आणि त्याचे कारण सिस्टरचा आळस हे नव्हे.

गरोदरपणाची नोंदणी 12 आठवड्यांच्या आत करावी. मिळणारे माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. गोव्याच्या पावसात साधा कागद टिकत नाही. रक्तदाबासाठी चढ चढून आल्या आल्या हात पुढे करू नये. पाच मिनिटे पाठ टेकून बसावे, नाहीतर आकडा उगाच 140/90 च्या वर जातो आणि वाळपईच्या सरकारी इस्पितळाची फेरी पडते.

गोळ्या मोफत आणि वेळेवर मिळतात, पण घ्यायच्या कशा हे गर्दीत घाईने सांगितले जाते. लोहाची रोज एक, किमान 180 दिवस. कॅल्शियमच्या दोन, जेवणाबरोबर. दोन्ही एकत्र घेतल्या तर कॅल्शियम लोह शोषू देत नाही. मध्ये दोन तास हवेतच. सोपी घडी म्हणजे कॅल्शियम सकाळच्या पेजेबरोबर आणि दुपारच्या जेवणात, लोह रात्री जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्यासोबत. चहा त्याच्या आसपासही नको. शौच काळी होते, त्याला घाबरून गोळी सोडू नये. साखरेच्या तपासणीत 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा.

लसीकरणाच्या दिवशी ‘आणखी बाळे येऊ द्या’ असे ऐकून चिडणारे पालक बरेच. बीसीजी आणि गोवर-रुबेला लसीची अनेक बाळांना पुरणारी कुपी एकदा विरघळवली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. म्हणून सिस्टर थांबतात. लसीकरणाच्या दिवशीच चवथ (गणेशचतुर्थी) आली तर मात्र दिवस बदलतो, आधी विचारून ठेवावे.

बाळाचे वजन करताना एक गोष्ट डोळ्यांनी बघा: रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणला की नाही. नाही आणला तर झोळीचेही वजन बाळाच्या नावावर चढते. पहिल्या दिवसांत बाळ थोडे उतरतेच, दोन आठवड्यांत ते भरून यायला हवे. तिथे शंभर ग्रॅमची चूकही दिशाभूल करते.

आता निम्म्या गुणांचे कारण. इतर राज्यांत आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. गोव्यात आशा नाहीत. दाराशी येणारी ती एएनएमच, म्हणजे उपकेंद्राची सिस्टर, आणि तिच्याकडे लसीकरण, रजिस्टर, डेंग्यूची पाहणी असे सगळेच. त्यात बाळंतीण माहेरी जाते. सासरच्या रजिस्टरात ती ‘बाहेरगावी’, माहेरच्या रजिस्टरात तिचे नावच नाही. नेमके पहिले दहा दिवस, म्हणजे ताप, जास्त रक्तस्राव, बाळाची कावीळ हे सगळे होण्याचा काळ, कोणीही न बघता जातात.

उपाय साधा आहे. आठव्या महिन्यात माहेरच्या उपकेंद्रात जाऊन कार्ड दाखवून नाव घालावे आणि सिस्टरचा फोन घ्यावा. इस्पितळातून सुटतानाच तिला कळवावे. निघण्यापूर्वी कार्डावर बीसीजी, शून्य मात्रेचा (जन्मताच द्यायचा) पोलिओ आणि हिपॅटायटिस बी या तिन्हींच्या तारखा पडल्या आहेत का, तेही तिथेच तपासावे. घरी आल्यावर ती नोंद मिळवायला पुन्हा वॉर्डाची पायरी चढावी लागते.