३३ वर्षांनी परत आणलेली आण्णांची फियाट डिलाइट: आठ महिने आणि ४,२०० किलोमीटर

गाडी फियाट ११०० डिलाइट, १९६६ ची. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली. १०८९ सीसी इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावर चार गिअर, पुढे अखंड बाकासारखी सीट. याच गाडीचं पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती १९७८ साली सेकंडहँड घेतली आणि १९९१ मध्ये आईच्या ऑपरेशनसाठी ३८,००० रुपयांना विकली. मी तेव्हा नववीत होते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ती मी १,६०,००० ला परत घेतली. कागद, पत्रा आणि इंजिन यांत पाच महिने गेले, म्हणून चालवण्याचा हिशेब फेब्रुवारी २०२५ पासूनचा आहे.

ही साधी डिलाइट नाही. आण्णा कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते, म्हणजे लेथवर काम करायचे. १९७९ मध्ये चार दोस्तांबरोबर रेल्वेनं मद्रासला जाऊन त्यांनी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती पाहिल्या. त्या काळी आपल्याकडे फियाट आणि अॅम्बॅसेडर सोडून फारशा गाड्याच नव्हत्या, त्यामुळे लोक शर्यतीलाही फियाटच तयार करून आणत. परत आल्यावर आण्णांनी मॅनिफोल्डचा, म्हणजे कार्बोरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या नळीचा, लाकडी पॅटर्न स्वतः केला, ओळखीच्या फौंड्रीत अॅल्युमिनियमचं कास्टिंग काढलं आणि त्यावर दोन सोलेक्स कार्बोरेटर बसवले. हेड फेसिंग करून, म्हणजे त्याचा तळ घासून, कॉम्प्रेशन वाढवलं. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमधला एक पाटा काढून गाडी बसती केली. इंजिन थंड ठेवणारा पंखा सहा पात्यांचा लावला. गिअरच्या दांड्याची प्लास्टिकची मूठ जाऊन पितळी आली, लेथवर वळलेली, मधोमध नर्लिंगचा, म्हणजे पकडीसाठी पाडलेल्या बारीक खाचांचा, पट्टा असलेली. पन्हाळ्याच्या चढाला ही गाडी तिसऱ्या गिअरवर कशी चढायची हे सांगणारी माणसं आमच्या गल्लीत अजून आहेत.

शोधाचं आधी सांगते, कारण बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. माझ्याकडे एक फोटो होता आणि विम्याच्या जुन्या कागदाची झेरॉक्स. त्यावर एमएच सुरू होण्याआधीचा, तीन अक्षरी नंबर. तो सरकारच्या एम-परिवहन अॅपवर टाकला तर काहीच येईना. जुन्या गाड्यांच्या कितीतरी नोंदी रजिस्टरमध्येच राहिल्यात, संगणकावर चढलेल्या नाहीत. त्यांना बॅकलॉग म्हणतात. आरटीओत अर्ज देऊन दोन महिन्यांनी कळलं की १९९१ मध्ये गाडी गडहिंग्लजच्या एका गृहस्थांच्या नावावर गेली आणि पुढे नोंद नाही. त्यांच्या घरी गेले, तर ते २००३ मध्येच वारलेले. मुलगा म्हणाला, गाडी वडिलांनीच कुणाला तरी देऊन टाकली, कागद न करता.

दीड वर्ष मी नंबर विचारत फिरले आणि हाती काही लागलं नाही. मग लक्षात आलं की नंबर कुणाच्या लक्षात राहत नाही, वेगळेपणा राहतो. गडहिंग्लज आणि आजऱ्याच्या जुन्या गॅरेजांत मी एकच विचारायला लागले: "दोन कार्बोरेटरची फियाट कधी तुमच्याकडे आली होती का?" चौथ्या ठिकाणी एक म्हातारे वायरमन उठून उभेच राहिले. "व्हय की. दोन कार्बोरेटर आन् पितळंची मूठ. सावंतवाडीच्या पावण्यानं न्हेली ती." तुम्ही घरची गाडी शोधत असाल तर हे एवढं लक्षात ठेवा. तिच्यात काय निराळं होतं, कुठं ठोकर बसली होती, कुणी काय लावलं होतं, ते मिस्त्री लोकांना विचारा.

सावंतवाडीत घरामागं पत्र्याच्या खोपटात ती उभी होती. चारही टायर जमिनीला टेकलेले, बॉनेटवर फणसाची वाळकी पानं. बॉनेट उघडलं, फडक्यानं मॅनिफोल्ड पुसला आणि नंबर-पंचानं ठोकलेलं ७९ दिसलं. सात सरळ आहे, नऊ किंचित कललेला आहे. तो लहानपणी मी बोटानं चाचपून पाहायचे. मालक सत्तरीचे. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, "माका म्हायत होता, एक दिस कोण तरी येतला." भंगारवाल्यानं दोनदा भाव करूनही त्यांनी ती दिली नव्हती. १,६०,००० त्यांनी मागितले, मी घासाघीस केली नाही.

कागदांचं थोडक्यात सांगते. गाडी अजून मयताच्या नावावर, म्हणून आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ नं, मग वारसाकडून माझ्या नावावर फॉर्म २९ आणि ३० नं. आरसी हरवलेली, त्यासाठी पोलिसांत नोंद आणि फॉर्म २६. नोंदणीची मुदत कधीच संपलेली, त्याचा फॉर्म २५, शिवाय पर्यावरण कर आणि नवी नंबरप्लेट. मी केलं तेव्हा नूतनीकरणाची फी ५,००० होती, ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला ती १०,००० झालीय. गडहिंग्लजच्या त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही, तीन वेळा रजा काढून तो सह्यांना आला. निरीक्षकांनी चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिलीनं छाप घेतली, इंजिन नंबर ताडून पाहिला. आण्णांनी एवढं सगळं करूनही इंजिनचा ब्लॉक मूळचाच ठेवला होता, तो नंबर जुळला म्हणून मी सुटले. इंजिनच बदललेल्या गाडीला इथं फार त्रास होतो.

२०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना नंबरात व्हीए अक्षरं असलेली व्हिंटेज नोंदणी मिळते. अनेकांनी मला तीच घे म्हणून सांगितलं. पण ती मूळ रूपात राहिलेल्या गाड्यांसाठी आहे आणि अशी गाडी रोज वापरता येत नाही. मला तर तिनं बाजारात जायचं होतं. तेव्हा साधी नोंदणीच चालू ठेवली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

कोकणच्या हवेनं फ्लोअर आणि दाराखालचा पत्रा खाल्लेला. तो कापून नवा लावला. इंजिन उघडलं, क्रँक ग्राइंड केला, बोअर करून पिस्टन नवे टाकले. एकूण २,३५,००० गेले. गॅरेजवाला चांगला होता, काम स्वच्छ होतं. पण त्यानं गाडी बांधताना "हे काय देशी जुगाड" म्हणून काही गोष्टी काढून टाकल्या. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधली बॅकेलाइटची जाड पॅकिंगं काढली आणि पातळ कागदी गास्केट घातली. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाखालचं तसलंच पॅकिंगही गेलं. सहा पात्यांच्या पंख्याच्या जागी मूळचा आला. मी हो म्हणाले, मला वाटलं गाडी मूळपदावर येतेय. चूक त्याच्याइतकीच माझी.

फेब्रुवारी, मार्च छान गेले. मे महिन्यात मी आईला घेऊन सावंतवाडीला त्या काकांना गाडी दाखवायला गेले. जाताना आंबोलीचा उतार होता, काही झालं नाही. येताना दाणोली सोडून घाट लागला आणि तिसऱ्या वळणावर गाडी गचके खायला लागली, मग बंदच. दुपारचे दोन. पंपाला हात लावला तर चटका बसला. फियाटवाल्यांना हा आजार पाठ आहे: गरम पंपात पेट्रोलची वाफ होते, वाफेला पंप ढकलू शकत नाही आणि कार्बोरेटर कोरडा पडतो. पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि बसून राहायचं. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत आम्ही चारदा थांबलो. आईनं डब्याचं फडकं दिलं, नंतर पदर ओला करून दिला. चौथ्या थांब्याला ती म्हणाली, "ह्यांच्या वेळेला ही अशी कधी थांबली न्हाई बघ."

ते वाक्य डोक्यात घेऊन मी दुसऱ्या दिवशी आण्णांच्या जुन्या साथीदाराकडे गेले. आम्ही त्यांना मामा म्हणतो, ८१ वर्षांचे आहेत. त्यांनी बॉनेटखाली नुसतं वाकून पाहिलं. "पॅकिंगं कुठं गेली? हेड घासलेलं इंजिन हाय हे, तापणारच. मॅनिफोल्डची उष्णता वर चढू नये म्हणून आण्णानं घातली हुती ती. तीन जाडीची करून बघितली, मग ही ठरवली." गॅरेजात जाऊन भंगाराचा डबा उपसला. नशीब, टाकलं नव्हतं काही. पॅकिंग हातात घेऊन उन्हात धरलं तर कडेला कानसीनं घासल्याच्या बारीक रेघा होत्या, आणि एका कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलेला ८ चा आकडा. आठ मिलिमीटर. आण्णांचंच अक्षर. ४५ वर्षं पेट्रोल आणि तेलात राहूनही तो पुसला नव्हता.

पॅकिंगं बसवली, पंखा बसवला. आठ दिवसांनी तेच ऊन, तोच घाट. एकदाही थांबली नाही. तापमानाचा काटा मध्यापासून थोडा वर गेला आणि तिथंच राहिला.

तेव्हापासून मी ठरवलंय की आण्णांनी केलेलं काहीही, ते का केलं हे कळल्याशिवाय काढायचं नाही. मागचा काढलेला पाटा मी परत घालणार होते, कारण खड्ड्यात ती खाली टेकते. मामांनी सांगितलं की पुढच्या कॉइल स्प्रिंगही थोड्या कापलेल्या आहेत. नुसता मागचा पाटा घातला तर गाडी नाकावर येईल आणि वळणात मागचा भाग हलका पडेल. पाटा तसाच राहिला. उत्साही गॅरेजवाले जुन्या गाडीत हात घातला की सगळं मूळचं करायला बघतात, आणि ज्या माणसानं दहा वर्षं चालवून तिचं एकेक दुखणं ओळखलं होतं त्याची सगळी मेहनत एका दुपारी भंगारात जाते. आधी चालवा, निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा, मगच ठरवा.

रोजच्या वापराचं. ॲव्हरेज गावात ९, हायवेला १२. दोन कार्बोरेटरना एवढं लागणारच. दोघांची लय जुळलेली नसेल तर गाडी थरथरते आणि धूर काळा येतो. पहिल्यांदा पीयूसीत नापास झाली ती यामुळेच. मामांनी रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवले. मला ते यायला जूनपर्यंत लागलं. आता महिन्यातून एकदा रविवारी सकाळी मीच करते.

ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप मऊ आणि चिकट झाले, म्हणून सगळे इथेनॉलला टिकणाऱ्या व्हिटॉनचे घेतले. पंपाचा पडदाही बदलला. हे पुढं ढकलू नका, गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगच. गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामे करून ठेवते.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत. नीट सेट केले तर पुरतात, पण पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवावं लागतं, आणि पाण्यातून गेल्यावर दोन-तीनदा हलके दाबून वाळवावे लागतात. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडत नाही. स्टीअरिंगला थोडा प्ले आहे. किंगपिनना, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खिळ्यांना, दर हजार किलोमीटरला ग्रीस द्यायचंच, नाहीतर वळताना ते हातांना कळतं. पावसाळ्यात वायपर कमी पडले, जोराच्या पावसात मी गाडी बाजूला घेऊन थांबते.

पार्ट मिळतात. पॉइंट, कंडेन्सर, क्लच प्लेट, व्हील सिलेंडर हे कोल्हापुरातच मिळालं. दाराची हँडलं आणि क्वार्टर ग्लासची, म्हणजे दाराच्या पुढच्या छोट्या तिकोनी काचेची, कडी पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात सापडली, तिथं बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर जा. कुर्ल्याच्या भंगार बाजारात टॅक्सीचे पार्ट ढिगानं आहेत. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदलेली, तिची २० वर्षं २०२३ च्या ऑक्टोबरात भरली आणि मुंबईच्या रस्त्यावरून ती गेली. टॅक्सीचे सगळेच पार्ट डिलाइटला बसत नाहीत, जुना पार्ट सोबत न्या आणि शेजारी ठेवून बघा.

आवाजाबद्दल सगळे विचारतात. सायलेन्सर आण्णांचाच आहे, आतून पत्रा लावून घेतला. बंद काचेतही तो घुमतो, पण कानाला लागत नाही. संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडाशी गिअर उतरवते आणि आई आतून उठून फाटक उघडते. तिला मोबाइल करावा लागत नाही.

आई पुढच्या सीटवर डाव्या बाजूला बसते, बसल्या बसल्या क्वार्टर ग्लास तिरकी करून वारा तोंडावर घेते आणि माझ्या हाताकडे बघत राहते. पितळी मूठ ३३ वर्षांत काळी पडली होती. पॉलिश करून आणू का म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाली. नर्लिंगच्या खाचा एका बाजूला गुळगुळीत झाल्यात, जिथं आण्णांचा अंगठा यायचा. माझा अंगठा त्याच्या जरा खाली येतो.

दिवाळीनंतर किंगपिनची बुशं बदलायची आहेत. बाजारातली दोनदा आणली, दोन्ही वेळा सैल बसली. मामा म्हणाले, गनमेटलचा तुकडा घेऊन ये, उद्यमनगरात लेथ रिकामं आहे, मी सांगतो तशी तू वळ.