नीव की निया, एलोवेन की ओल्वेन: मुलीसाठी कमी ऐकलेलं आयरिश-ब्रिटिश नाव निवडताना

माझ्या भाचीला सप्टेंबरात मुलगी होणारे. ती पुण्याची, जावई आयर्लंडमधल्या कॉर्कचा, राहतात इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला. मधलं नाव मराठी हे ठरलंय, आजीचंच ठेवणार, त्यावर वाद नाही. पण पहिलं नाव इकडचं हवं आणि वर्गात त्याच नावाच्या अजून तिघी नकोत. तिने मला विचारलं कारण मी 17 वर्षं वेल्समधल्या स्वान्सीत जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, रिसेप्शनला आहे, म्हणजे दिवसभर लोकांची नावं टाइप करायची, फोनवर स्पेलिंग विचारायचं आणि वेटिंग रूममध्ये मोठ्याने हाक मारायची. तिच्यासाठी जे जे जमवलं ते इथे मांडतेय, आपल्याकडच्या बऱ्याच मुलींना आता हाच प्रश्न पडतो.

आधी एक प्रसंग सांगते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक सहा-सात वर्षांची मुलगी आली होती, नावाचं स्पेलिंग एस-ए-डी-एच-बी-एच. आपल्याला सवय असते ना, डी-एच दिसलं की ध आणि बी-एच दिसलं की भ, मी सरळ 'सधभ' अशी हाक मारली. कोणी उठेना. तिसऱ्या हाकेला तिची आई उठली आणि हळूच म्हणाली, 'साइव्ह'. मुलगी मान खाली घालून बसली होती. तिला अशी सवय झालेली असणार हे तेव्हा लक्षात आलं आणि फार वाईट वाटलं. आयरिशमध्ये व्यंजनापुढचा एच आपल्या हकारासारखा नसतो, तो आधीच्या अक्षराला मऊ करतो नाहीतर गिळून टाकतो. बी-एच आणि एम-एच म्हणजे बहुतेकदा व किंवा व्ह, शेवटचा डी-एच बऱ्याचदा मुकाच. एवढं कळलं तरी निम्मी आयरिश नावं वाचता येतात. आणि खरं सांगू, देवनागरीत ही नावं किती सोपी आहेत बघा: नीव, ईफा, रोशीन, साइव्ह. अवघड आहे ते फक्त इंग्रजी डोळ्यांना, पण मुलगी राहणार आहे ती त्या डोळ्यांमध्येच.

दुसरं म्हणजे 'कमी ऐकलेलं' हे कुठे, ते आधी ठरवा. फीआ (एफ-आय-ए-डी-एच, अर्थ हरीण किंवा रानातलं, मोकळं) हे ब्रिस्टलमध्ये वेगळं वाटेल, पण 2021 साली आयर्लंडमध्ये जन्मलेल्या मुलींमध्ये ते पहिल्या नंबरावर होतं, म्हणजे उन्हाळ्यात कॉर्कला गेल्यावर आजीच्या गल्लीत चार फीआ भेटतील. एलीचं (ई-आय-एल-आय-डी-एच) उलटं, स्कॉटलंडमध्ये घरोघरी आणि इंग्लंडमध्ये स्पेलिंग सांगून दमायचं. इंग्लंड-वेल्सचं सांख्यिकी कार्यालय दरवर्षी नावांची यादी काढतं, त्यात त्या वर्षी तीन किंवा जास्त बाळांना दिलेलं प्रत्येक नाव आकड्यासकट असतं. ती फुकट बघता येते, आधी ती बघा, कारण 'मी तर हे कुठेच ऐकलं नाही' असं म्हणत ठेवलेलं नाव पुष्कळदा वरच्या पन्नासात निघतं.

आणि तिसरी चाळणी आपल्या कानाची. मराठी घरात हे नाव रोज हाक मारायला लागणार, आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर लाड करणार. आयला (आय-एस-एल-ए) फार गोड स्कॉटिश नाव, पण पुण्यात ते मोठ्याने म्हणून बघा म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल, आणि तसंही 2022 ला इंग्लंड-वेल्समध्ये ते तिसऱ्या नंबरावर होतं, त्यामुळे ते बादच. कीवा (स्पेलिंग सी-ए-ओ-आय-एम-एच-ई) म्हणजे आयरिशमध्ये कोमल, सुंदर, पण आपल्याला आधी कीवच आठवते. ऊना हे जुनं छान आयरिश नाव, पण आजीला त्यात 'उणं' ऐकू येणार. हे मी कोणाला हसायला सांगत नाहीये, भाचीच्या आईने कीवा ऐकल्यावर दोन मिनिटं काही बोललीच नाही, आणि पोरीच्या नावावर आजीने गप्प होणं बरं नाही. याउलट मेव्ह ऐकून ती लगेच म्हणाली, 'मेवा!'

आता जोड्या.

नीव की निया. हे एकाच नावाचे दोन अवतार आहेत. नीव (एन-आय-ए-एम-एच) म्हणजे तेज. आयरिश गोष्टीत ती समुद्रदेव मनन्नानची सोनेरी केसांची मुलगी, ओशीन नावाच्या वीराला घोड्यावर बसवून चिरतरुणांच्या देशात घेऊन जाते, त्याला वाटतं तीन वर्षं झाली आणि इकडे तीनशे उलटलेली असतात. 20व्या शतकाच्या सुरुवातीला ती वेल्श कवितेत आली आणि तिची निया झाली. जावई आयरिश असेल तर नीवमध्ये मूळ आहे, कॉर्कच्या आजीला जवळचं वाटेल. निया मात्र तीन अक्षरांत लिहून होतं, कोणी चुकीचं वाचत नाही आणि मराठीत अगदी आपलंच वाटतं. पण नेमकी तीच अडचण, ते इकडच्या मातीतलं आहे हे कोणाला कळतच नाही, लोक म्हणतात 'हो, इंडियन नाव ना'. वेल्समध्ये तर ते सर्रास आहे. शिवाय भारतात ही तीन अक्षरं बघितली की राष्ट्रीय तपास यंत्रणा आठवते. मला विचाराल तर या दोघींत नीव. स्पेलिंगचा त्रास आहे, पण ब्रिटनमध्ये हे नाव आता पुष्कळांना माहीत आहे, माझ्या सर्जरीत चार जणी आहेत आणि रिसेप्शनवरच्या नव्या मुलीसुद्धा बरोबर हाक मारतात.

मेव्ह की साइव्ह. मेव्ह ही आयरिश गोष्टीतली कॉनॉट प्रांताची राणी, नवऱ्याएवढाच आपला गोठा भरलेला हवा म्हणून अल्स्टर प्रांतातल्या बैलासाठी फौज घेऊन निघणारी. नावाचा अर्थ नशा चढवणारी, मधाच्या दारूशी नातं. स्लायगोजवळ नॉकनारे डोंगरावर दगडांचा प्रचंड ढीग आहे, ती तिचीच समाधी असं लोक मानतात. इंग्रजी वळणाचं पाच अक्षरी स्पेलिंग सोपं आहे म्हणूनच इंग्लंडमध्ये हे नाव गेल्या काही वर्षांत भराभर वाढलंय, 'कमी ऐकलेलं' या अटीत ते फार दिवस बसणार नाही. साइव्ह म्हणजे गोड, चांगली. गोष्टीत ती ओशीनची आई, एका काळ्या जादूगाराने हरीण करून टाकलेली. इंग्लंडमध्ये हे खरोखर दुर्मिळ आहे आणि एका सिलॅबलमध्ये इतकं सुंदर नाव मला दुसरं माहीत नाही. पण त्या मुलीची खाली घातलेली मान माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आयर्लंडमध्ये राहणार असाल तर डोळे मिटून ठेवा. ब्रिस्टलमध्ये ठेवायचं तर शाळेत, दवाखान्यात, विमानतळावर दर वेळी न कंटाळता सांगायची तयारी आधी आई-बापाची हवी.

स्कॉटिश बाजू थोडक्यात सांगते कारण भाचीचं तिकडे काही नातं नाही. एकच गोष्ट मला फार आवडली. व्हारी (एम-एच-ए-आय-आर-आय) हे नाव मुळात मारीचं संबोधन आहे. गेलिकमध्ये (स्कॉटलंडची जुनी भाषा) हाक मारताना नावाचं पहिलं अक्षर मऊ होतं, मारीला हाक मारली की 'अ व्हारी', आणि ती हाकच पुढे नाव झाली. आपल्याकडे राधा असते आणि हाक 'राधे', गंगा असते आणि हाक 'गंगे', तसंच. ज्यांचं स्कॉटलंडशी नातं आहे त्यांनी याचा विचार जरूर करा.

जुनी इंग्रजी नावं, म्हणजे हिल्डा, विनिफ्रेड (हे मूळचं वेल्श), एडिथ, मिल्ड्रेड, इकडच्या लोकांना आता परत वेगळी वाटायला लागलीत. हिल्डा ही 657 मध्ये व्हिटबीचा मठ उभारणारी मठाधिपती, मोठमोठे बिशप तिचा सल्ला घ्यायचे, नाव भक्कम आहे. पण वसई-वांद्र्याकडे ज्यांचं लहानपण गेलं त्यांना या नावांच्या आज्याच आठवतात, मलाही तसंच होतं. मुलीच्या आईला तसं होत नसेल तर स्पेलिंग-उच्चाराच्या बाबतीत हा सगळ्यात बिनत्रासाचा गट.

ग्वेन्ह्लिअन. या वेल्श नावाला जोडीच नाही. 1136 मध्ये नवरा बाहेर गेलेला असताना ग्वेन्ह्लिअनने स्वतः फौज घेऊन किड्वेलीजवळ नॉर्मनांशी (तेव्हा इंग्लंडवर राज्य करणाऱ्यांशी) लढाई केली आणि त्यात ती मारली गेली. ते रान अजून तिच्या नावाने ओळखतात, माझ्या घरापासून गाडीने थोडंसं अंतर. दुसरी ग्वेन्ह्लिअन 1282 ला जन्मली, वेल्सच्या शेवटच्या राजपुत्राची एकुलती एक मुलगी. आई बाळंतपणात गेली, बाप त्याच वर्षी डिसेंबरात मारला गेला, आणि इंग्लंडच्या राजाने ते तान्हं बाळ लिंकनशरमधल्या सेम्प्रिंगहॅमच्या मठात नेऊन ठेवलं, का तर वेल्सला पुढे वारस नको. 1337 मध्ये ती तिथेच वारली, अख्खं आयुष्य. 2009 ला स्नोडोनियातल्या एका शिखराला तिचं नाव दिलं. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी कामात लक्ष लागलं नव्हतं. नाव मोठं आहे, पण वेल्सच्या बाहेर कोणालाही तो स्पेलिंगमधल्या दोन एलचा आवाज जमत नाही (जीभ ल वर ठेवून बाजूने हवा सोडायची), सगळे 'ग्वेनलियन' म्हणणार. वेल्सशी नातं नसताना हे घ्यावं असं मला वाटत नाही, ते लोक हे नाव फार जपून वापरतात.

एलोवेन की ओल्वेन. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. एलोवेन कॉर्निश आहे, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलचं, अर्थ एल्म वृक्ष. कॉर्निश भाषा 18व्या शतकाच्या शेवटाला बोलण्यातून जवळजवळ गेली होती, 1904 नंतर लोकांनी ती पुन्हा उभी केली आणि हे नाव त्या नव्या लाटेतलं. 1970 च्या दशकात बुरशीच्या साथीने इथले कोट्यवधी एल्म मेले, त्यामुळे मुलीला त्या झाडाचं नाव देणं मला हळवं करतं. फक्त आता एलोवेन बऱ्यापैकी फॅशनमध्ये आलंय.

ओल्वेन वेल्श आहे आणि आज उलट ते कोणी ठेवत नाही, माझ्याकडे येणाऱ्या ओल्वेन सगळ्या ऐंशीच्या पुढच्या. अर्थ पांढरी पाऊलवाट. मध्ययुगीन वेल्श कथेत ती जिथे जिथे पाऊल टाकते तिथे चार पांढरी क्लोव्हरची फुलं उगवतात. हे भाचीला सांगितलं तेव्हा ती एकदम म्हणाली, 'मावशी, हे तर गौरीची पावलं!' दारापासून देव्हाऱ्यापर्यंत आपण रांगोळीने पावलं काढतो तेच. शिवाय मराठी कानाला त्यात 'ओल' आहे, पावसानंतरची. जसं लिहितात तसंच वाचतात, पाच अक्षरं, लंडनच्या टीचरलाही जमेल. माझं मत सरळ ओल्वेनला. जावयाची तक्रार एवढीच की त्यात आयरिश काहीच नाही, आणि ती खोटी नाही.

थोडं कागदांचं. इंग्लंड-वेल्समध्ये जन्माची नोंद 42 दिवसांत करायची असते, स्कॉटलंडला 21 दिवसांत. म्हणजे बाराव्या दिवशी बारसं करून, पाळण्यातलं नाव महिनाभर घरात वापरून, मग रजिस्ट्रारकडे जाता येतं. इंग्लंड-वेल्समध्ये नोंदणीनंतरही 12 महिन्यांच्या आत पहिलं नाव बदलून घ्यायची सोय आहे. आणि रोशीनसारख्या नावातल्या स्वरांवरच्या रेघा, ज्याला आयरिशमध्ये फादा म्हणतात, त्या पासपोर्टच्या खालच्या मशीनने वाचायच्या दोन ओळींत येत नाहीत, तिथे फक्त साधी इंग्रजी अक्षरं चालतात. घरी मात्र फादा लिहायचाच, तो गेला की शब्दच बदलू शकतो.

भाचीच्या फ्रिजवर आता दोन चिठ्ठ्या आहेत, ओल्वेन आणि नीव. मी तिला सांगितलंय की एक आठवडा पोटाशी एकाच नावाने बोल, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या. काल फोनवर ती नीवच्या आठवड्यात होती पण दोनदा तोंडातून ओल्वेनच आलं, आणि मागून जावई म्हणाला की मग मधल्या नावाआधी एक नीव बसवू या का, तीन नावं झाली तर झाली.