३४९ रुपयांचा इझी आऊट सेट आणि बाबांच्या बाईकचा सायलेन्सर

मागच्या दिवाळीत बाबांची जुनी १०० सीसी बाईक परत रस्त्यावर आणायची असं ठरवलं आणि त्या नादात तुटलेले बोल्ट काढायचा पाच पीसचा सेट ऑनलाइन मागवला, ३४९ रुपयांना. आमच्याकडे मेकॅनिक लोक याला इझी आऊट म्हणतात, दुकानात पण तेच नाव सांगा, स्क्रू एक्स्ट्रॅक्टर म्हणालात तर हार्डवेअरवाला समोर स्क्रू ड्रायव्हरचा ढीग मांडतो (अनुभव आहे). ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, निमुळत्या खिळ्यासारखा कडक लोखंडाचा तुकडा, त्याला उलट्या फिरकीचे जाडे आटे. तुटलेल्या बोल्टच्या मधोमध भोक पाडायचं, हा त्यात ठोकायचा आणि उलटा फिरवायचा, म्हणजे तो आत रुतत जातो आणि बोल्टला धरून बाहेर आणतो. निदान खोक्यावरच्या चित्रात तरी तसं दाखवलंय.

आता गाडीची अवस्था. आम्ही रत्नागिरीत राहतो, समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि बाईक दोन पावसाळे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उरलेल्या दिवसात खारी हवा, त्यामुळे खालच्या बाजूचा एकही बोल्ट बोल्टसारखा दिसत नव्हता, सगळीकडे गंजाचे पोपडे. पायदानाच्या दांड्याचा आठ एमएमचा बोल्ट काढायला गेलो तर आधी डोकं गोल झालं (चूक माझीच, बारा कोनी रिंग पाना लावला होता, गंजलेल्या डोक्याला सहा कोनी गोटीच (सॉकेट) लावायची, ती कोपऱ्याला नाही तर सपाट बाजूला धरते), मग व्हाइस ग्रिपने (लॉक होणारी पकड) धरून पाइप घालून जोर लावला तर कट्ट करून डोकं हातात. बाबा ओट्यावर चहा पीत होते, काही बोलले नाहीत, नुसतं कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

तर सेटबद्दल. आला तेव्हा प्लॅस्टिकच्या डबीत पाच पीस, एक ते पाच नंबर, डबीवर लिहिलेलं की एक नंबर ३ ते ६ एमएमच्या बोल्टला आणि पाच नंबर १४ ते १८ ला. क्रोम व्हॅनेडियम (हत्यारांचं कडक पोलाद) असल्याचा दावा आहे, असेल बुवा. ड्रिल बिट सोबत नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फिरवायचं हँडल पण नाही. आटे पाडायच्या टॅपला जे दोन्ही बाजूंनी धरायचं हँडल असतं ते लागतं याला, मी म्हणलं पाना आहे की घरात, आणि ही कंजूषी पुढे महागात पडली, येतो तिथे.

पहिला बोल्ट, म्हणजे पायदानाचा, निघाला. त्याचं श्रेय सेटला द्यायचं का हा प्रश्न आहे. तुटलेला भाग थोडा बाहेर होता, तो आधी कानशीने सपाट केला, कारण वेडावाकडा तुटलेला बोल्ट असला की सेंटर पंच (ड्रिलसाठी खूण ठोकायची टोकदार सळी) मधोमध बसतच नाही आणि पंच सरकला की ड्रिल सरकलं, ड्रिल सरकलं की सगळं गेलं. मग आधी बारीक बिट, मग चार एमएमचं, मशीन हळू, मधे मधे तेलाचा थेंब, डोळ्यावर चष्मा. लोक जोरात फिरवतात ड्रिल, त्याने बिट तापतं, धार जाते आणि नुसती किंचाळी येते, भोक पडत नाही. हळू आणि दाबून, लोखंडाच्या लांब वळ्या निघाल्या पाहिजेत, पावडर नाही. एवढं करून तीन नंबरचा पीस ठोकला, फिरवला, ढिम्म. तेव्हा तिथेच थांबलो, जोर लावला नाही, हे त्या दिवसातलं माझं एकमेव शहाणपण.

मग दोन दिवस तेल. डब्ल्यूडी-४० होतंच घरात, पण खरं सांगायचं तर ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे, नावातला डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग, १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला तयार झालं. गंजात शिरायला अजून पातळ काहीतरी बरं पडतं, मी गिअरचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून सकाळ संध्याकाळ थेंब सोडत होतो आणि प्रत्येक वेळी हातोडीने बोल्टच्या टोकावर हलके टोले. हे टोले लोक विसरतात, गंजाची खपली त्या हादऱ्याने फुटते आणि तेलाला वाट मिळते. ॲसिटोन भस्सकन पेटतं हे लक्षात ठेवा, आग लावायच्या आधी पुसून पूर्ण वाळू द्या. आणि मी गॅस टॉर्च लावायच्या आधी पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर काढून पार फणसाच्या झाडाखाली नेऊन ठेवले होते, त्यात आळस नको. टॉर्चने ब्रॅकेट (बोल्ट ज्यात बसतो तो भाग) तापवला, बोल्ट नाही, ब्रॅकेट, मग मेणबत्ती टेकवली, मेण वितळून फटीत शोषलं गेलेलं डोळ्यांनी दिसतं, आणि त्यानंतर तोच तीन नंबरचा पीस फिरवला तर चुर्र आवाज करत बोल्ट बाहेर. मी एवढ्याने ओरडलो की आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं हात भाजला.

तर इथपर्यंत मी पाच स्टार देणार होतो.

मग सायलेन्सर. इंजिनाच्या हेडला (वरच्या झाकणासारख्या भागाला) सायलेन्सरचा पाइप जिथे बसतो तिथे सहा एमएमचे दोन स्टड असतात, स्टड म्हणजे डोकं नसलेला, आट्यांचा बोल्ट. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड लोखंडाचा, रोज तापणार, रोज थंड होणार, वर खारी हवा, म्हणजे दोन वेगळे धातू आणि मधे मिठाचं पाणी, ॲल्युमिनियम खाऊन पांढरी पूड धरते आणि स्टड सिमेंटमध्ये बसवल्यासारखा होतो. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून हेड तापवलं की भोक मोठं होतं, हे तत्त्व वापरून एक स्टड व्हाइस ग्रिपने मस्त निघाला. दुसरा मात्र हेडच्या पृष्ठभागाच्या बरोबरीने तुटला, धरायला काही नाही. आणि पहिल्या यशाची हवा डोक्यात. तेल लावलं, पण दोन दिवस कोण थांबतंय, संध्याकाळ झाली होती, तीन एमएमचं भोक पाडलं, ते पण थोडं तिरकं गेलं हे मला दिसत होतं आणि मी न दिसल्यासारखं केलं, दोन नंबरचा पीस ठोकला, हँडल नाही म्हणून एका बाजूने पाना लावला, आणि टिंग. त्या आवाजात बोल्टचा कट्ट नव्हता, काच फुटल्यासारखा बारीक टिंग होता. पीस आत तुटला.

ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे की या क्षणी काय वाटतं. बोल्ट तुटला तर ड्रिल चालतं, हा पीस तुटला तर साधं एचएसएस (नेहमीच्या हाय स्पीड स्टीलचं) बिट त्यावर नुसतं घसरतं आणि बाजूचं मऊ ॲल्युमिनियम खातं. म्हणजे आधी एक अडचण होती, आता तिच्या पोटात दुसरी.

नंतर शांतपणे विचार केल्यावर जे कळलं ते डबीवर छापायला हवं होतं. बोल्ट का तुटला? कारण गंजाने धरलेले आटे बोल्टच्या ताकदीपेक्षा जास्त घट्ट होते. आता त्याच बोल्टच्या आत निम्म्या जाडीचं भोक पाडून त्याच्यापेक्षा बारीक पीस घालून तेच आटे सोडवायचे म्हणता, तर जिथे जाडा हरला तिथे बारीक कसा जिंकेल? पिळ सहन करायची ताकद जाडीच्या घनाने कमी होते, जाडी निम्मी झाली की ताकद आठवा हिस्सा. पीस कडक लोखंडाचा आहे म्हणून थोडं जास्त सोसेल, पण जे कडक ते ठिसूळ, बोल्ट पिळून सांगतो तरी की मी चाललोय, हा न सांगता जातो. वर हा निमुळता, जितका आत रुततो तितकी बोल्टची भिंत बाहेर ढकलतो, म्हणजे जो बोल्ट आधीच घट्ट आहे त्याला अजून घट्ट करतो. थोडक्यात गंजाला हरवायचं काम तेल, उष्णता आणि हातोडीचं, इझी आऊट फक्त शेवटी हात धरून बाहेर आणायला. पायदानाच्या वेळी मी नकळत तसंच केलं म्हणून जमलं.

मग ते हेड गेलं कोल्हापूरला. त्याआधी रत्नागिरीतल्या वेल्डिंगवाल्या दादांनी एक नजर टाकून सांगितलं की नुसता स्टड तुटला असता तर त्यावर नट ठेवून आत वेल्ड मारून दिला असता, वेल्डिंगच्या उष्णतेनेच निम्मं काम होतं, पण आता आत कडक तुकडा आहे, स्पार्क मशीनशिवाय निघणार नाही, आधी का नाही आलास. (हे शेवटचं वाक्य प्रत्येक मेकॅनिक, डॉक्टर आणि दाताचा डॉक्टर म्हणतो.) हेड उतरवलं, पिशवीत बांधलं आणि एसटीने आंबा घाटातून कोल्हापूरचं उद्यमनगर, तिथला कारखान्यांचा भाग. तिथे एका टूलरूमवाल्याने तेलात बुडवून तांब्याच्या बारीक सळीने ठिणग्या पाडत तो तुकडा जाळून काढला, या मशीनला धातू किती कडक आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, वीज वाहणारा असला की झालं. बघायला बसलो होतो, एक तास नुसतं टिकटिकटिक आणि धुराची रेघ. माझ्या तिरक्या भोकाने एका बाजूचे आटे गेले होते म्हणून हेलिकॉइल बसवून दिलं, ती स्प्रिंगसारखी तारेची गुंडाळी असते, तिचे आटे म्हणे ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा चांगले टिकतात. सगळे मिळून ६५० रुपये, वर एसटी, वर हेड गॅस्केट नवीन, वर परतताना भूक लागली म्हणून मिसळ. ३४९ चा सेट दीड हजाराच्या पुढे गेला.

त्यानंतर अजून एक खरेदी केली, उलट्या फिरकीचे ड्रिल बिट, चारचा सेट, इझी आऊटपेक्षा महाग. यांचं असं आहे की ड्रिल मशीन रिव्हर्सला टाकायचं आणि भोक पाडायचं, म्हणजे भोक पाडताना जो जोर लागतो तो बोल्ट सोडवायच्या दिशेनेच लागतो. शेजारच्या काकांच्या स्कूटरवर वापरले, तिथे लेगगार्डचा बोल्ट कुणीतरी अति आवळून तोडला होता, गंज अजिबात नाही, आणि बिट अर्ध्यावर जाईपर्यंत तुकडा आपोआप फिरत बाहेर आला, इझी आऊट डबीतून काढावाच लागला नाही. म्हणून माझं मत असं झालंय की पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर आधी हे उलटे बिट घ्या. गाडीवर सिरीयस गंज असेल आणि बोल्ट सहा एमएमचा असेल तर दोन्ही सोडा, थेट वेल्डिंगवाल्याकडे न्या, तुकडा थोडा तरी बाहेर असताना न्या.

सेटच्या बाजूने पण बोललं पाहिजे. तीन नंबरचा पीस अजून धारदार आहे, त्यानंतर शेडच्या फाटकाचा एक बोल्ट काढला त्याने. डबी बरी आहे, नंबर पुसले गेले नाहीत. आठ एमएम आणि वरच्या बोल्टला, बोल्ट आधी तेलाने आणि आगीने मोकळा करून, दोन हाती हँडल लावून वापरलं तर पैसे वसूल. डबीवरच्या चित्रात माणूस एका हाताने हसत हसत बोल्ट काढतोय ते मात्र मनावर घेऊ नका. कंपनीने हँडल सोबत दिलं असतं आणि पन्नास रुपये जास्त घेतले असते तर मी खुशीने दिले असते.

हो, आणि नवीन स्टड बसवताना हार्डवेअरवाला स्टेनलेसचा देत होता, गंजत नाही साहेब म्हणून. तो गंजत नाही हे खरं, पण समुद्राजवळ ॲल्युमिनियममध्ये बसवला तर तो शाबूत राहतो आणि हेडच खाल्लं जातं. मी साधा स्टड घेतला आणि आट्यांना तांब्याची अँटी-सीझ पेस्ट (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावतात ती) चोपडली, छोटी ट्यूब बरीच वर्षं पुरेल. आता दर पावसाळ्यानंतर एकदा दोन्ही नट सोडवून परत आवळतो, जाम व्हायच्या आत.

तीन स्टार. बाईक चालू आहे, बाबा रोज सकाळी मासळी आणायला मिरकरवाड्याला जातात. सेटमधला पाच नंबरचा जाडा पीस दुचाकीवर कुठे लागणार ते मला अजून कळलेलं नाही, काकांनी त्यांच्या होडीच्या इंजिनासाठी म्हणून नेलाय आषाढात, अजून परत आलेला नाही.