त्रिकोणाच्या पट्ट्यांचा संच: घ्यावा असाच आहे, फक्त कार्डावरची एक चूक बघा

लेक सहावीला आहे. त्रिकोणाचे प्रकार तिला बाजूंवरून पाठ, कोनांवरून पण पाठ, पण एकच त्रिकोण समोर ठेवून ह्याची दोन्ही नावं सांग म्हटलं की गप्प. म्हणून नवी पेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून हा संच आणला, 260 रुपयाला. 3 ते 10 सेंटीमीटरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, प्रत्येक लांबीच्या तीन-तीन, टोकांना भोकं, जोडायला छोटे स्क्रू, एक कोनमापक आणि एक छापील कार्ड. माप भोकापासून भोकापर्यंत धरायचं, तेवढं आधी मुलांना सांगा.

पहिल्याच संध्याकाळी तिनं 3, 4 आणि 8 घेतल्या आणि दहा मिनिटं झटत बसली, "आई, हे जुळंना की!" मी काहीच बोलले नाही. मग 8 काढून 7 लावली तर तिन्ही पट्ट्या एकावर एक सपाट पडल्या, 6 लावली तेव्हा कुठं त्रिकोण उभा राहिला, आणि दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या लागतात हे तिचं तिलाच कळलं. तो 3-4-6 विषमभुज आणि विशालकोन. 6 च्या जागी 5 घातली की काटकोन. आमच्या होटगी रोडच्या घराचा पाया आखताना गवंडीमामांनी दोरीवर 3, 4, 5 फूट मोजूनच कोपरा गुण्यात घेतला होता, ते तिला सांगितलं तर डोळे केवढे मोठे झाले!

बाजूंवरून तीन आणि कोनांवरून तीन म्हणजे नऊ जोड्या व्हायला पाहिजेत, पण समभुजचे तिन्ही कोन 60 अंशाचे, तो लघुकोनच असणार, त्यामुळं दोन जोड्या गळतात आणि सात उरतात. कार्डावर सातही दिलेत, आणि चूक तिथंच आहे. समद्विभुज काटकोन म्हणून 5-5-7 छापलंय. जोडून बघितलं तर अगदी काटकोनच वाटतो, कोनमापक लावला तरी 90 च्या रेषेला किंचित कमी, म्हटलं आपलाच हात हलला असेल. मग वर्ग करून बघितलं, काटकोन असेल तर दोन लहान बाजूंच्या वर्गांची बेरीज मोठीच्या वर्गाएवढी यायला पाहिजे. इथं 25 आणि 25 पन्नास, आणि 7 चा वर्ग 49. म्हणजे कोन 90 ला पुरत नाही, 89 च्याही जरा आतच राहतो, म्हणजे हा लघुकोन त्रिकोण झाला! काटकोनाला तिसरी पट्टी साधारण 7.07 ची लागेल, आणि पूर्ण सेंटीमीटरच्या पट्ट्या कितीही लांब घेतल्या तरी समद्विभुज काटकोन कधीच जमत नाही, कारण 2 चं वर्गमूळ अपूर्णांकात बसतच नाही. ह्या संचात प्रकार सहाच होतात. सातवा कंपासपेटीत आहे, 45 अंशाचा गुण्या. नाहीतर चौरस रुमाल कर्णावर दुमडा, झाला.

बाकी पट्ट्या मजबूत आहेत, महिनाभर रोज वापरतोय, एकही मोडली नाही. स्क्रू मात्र फार बारीक, दोन हरवले, चार जादा द्यायला पाहिजे होते. पाचपैकी चार स्टार.

कार्ड घेऊन परत दुकानात गेले होते, काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एजंटला सांगतो म्हणाले. तोवर कुणी घेणार असाल तर 5-5-7 च्या पुढचं काटकोन खोडून पेनानं लघुकोन लिहा आणि मगच पोरांच्या हातात द्या.