काऊच टू ५के : धावणं अजिबात आवडत नसलेल्यांसाठी, नागपुरात वापरून लिहिलेला रिव्ह्यू

ज्यांना धावणं मनापासून नकोसं वाटतं त्यांच्यासाठी हे लिहून राहिले. ज्यांना आधीपासूनच आवडतं त्यांना याची काही गरज नाही. काऊच टू ५के, म्हणजे सोफ्यावरून उठून ५ किलोमीटर धावण्यापर्यंत, अशा नावाचा ९ आठवड्यांचा प्लॅन आहे, फुकट आहे, नेटवर सगळा आठवड्यानुसार लिहिलेला मिळतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की कुठल्याही जिमची वर्षाची फी भरायच्या आधी माणसानं हा एकदा करून पाहावा. पाचपैकी साडेचार. अर्धा कशाचा कापला ते पुढे येतंच.

आधी हे आहे काय ते. जोश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसानं १९९६ मध्ये हा प्लॅन बनवला, डोळ्यासमोर त्याची पन्नाशीतली आई होती, तिला जमेल असं काहीतरी त्याला हवं होतं. मला वाटते याच्यातच सगळं आलं, कारण बाकीचे बहुतेक प्लॅन धावणाऱ्यांनी धावणाऱ्यांसाठी बनवलेले असतात आणि वाचतानाच दम लागतो. पुढे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेनं, म्हणजे एनएचएसनं, याचे पॉडकास्ट काढले, अॅप काढलं, आणि त्या अॅपमध्ये सोबतीला आवाज निवडता येतो, त्यात एक मायकल जॉन्सनचा आहे, तोच, ज्यानं १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये २०० आणि ४०० मीटर दोन्ही जिंकले होते. मी स्वतः अॅप वापरलं नाही. फोनमध्ये साधा इंटरव्हल टायमर टाकला, म्हणजे ठरलेल्या वेळानं फोन थरथरतो तो, आकडे भरले, झालं. त्यामुळे हा रिव्ह्यू अॅपचा नाही, प्लॅनचा समजा.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद धावायचं आणि ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. बस एवढंच. म्हणजे धावण्याच्या प्लॅनमध्ये धावण्यापेक्षा चालणं जास्त आहे, आणि लोक याला हसतात, म्हणतात हे काय धावणं झालं का. पण माझ्या मते या प्लॅनची सगळी किंमत त्या ९० सेकंदांच्या चालण्यात आहे.

म्हणजे कसं न, आपल्याकडे शाळेत धावणं दोनच वेळी यायचं, एक तर स्पोर्ट्स डेची शर्यत नाहीतर पीटीच्या सरांची शिक्षा, मैदानाला चार चकरा मार. दोन्हीत जीव तोडूनच पळायचं. त्यामुळे धावणं म्हटलं की अंगाला आठवते ती धाप, छातीतली जळजळ आणि पोटात एका बाजूला उठणारी कळ. आणि मोठेपणी कोणी हौसेनं सुरू केलं तरी तसंच सुरू करते, जोरात पळते, दोन मिनिटांत थांबते आणि घरी येऊन जाहीर करते की माझ्याच्यानं होत नाही, माझं शरीरच तसलं नाही. खरं म्हणजे नावडती असते ती धाप. आणि धाप वेगातून येते. वेग काढून घेतला तर उरते ते बऱ्यापैकी सुखाचं काम आहे, हे मला या प्लॅननं शिकवलं, आणि म्हणून मी एवढं तावातावानं लिहून राहिले.

किती हळू? तर सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. कोच लोक यालाच टॉक टेस्ट म्हणतात आणि यासाठी कुठलं घड्याळ लागत नाही. आमच्या त्रिमूर्ती नगरच्या मैदानावर एक रिटायर्ड काका रोज चालायला येतात, हात हलवत, भरभर. सुरुवातीच्या दिवसांत ते चालत चालत माझ्या पुढे निघून गेले, मी धावत होते आणि ते चालत होते, आणि जाता जाता म्हणाले, "बेटा, असंच आरामशीर जाऊ दे, घाई करू नको, तेच टिकते." तो वेग अगदी बरोबर होता. चालणारा माणूस पुढे गेला तर जाऊ द्या. पाय उचलायची पद्धत धावायची ठेवा, वेग चालण्याचा असला तरी चालते, पावलं छोटी छोटी टाका, हाताच्या मुठी सैल ठेवा. खांदे कानाजवळ चढले असले तर खाली सोडा. एवढ्यानं निम्मी दमछाक कमी होते.

दुसरं कारण लोकांना धावणं आवडत नाही ते म्हणजे बोअर होते. इथे पण हा प्लॅन कामाचा आहे कारण डोक्याला एका वेळी फक्त एक तुकडा सांभाळायचा असतो. फोन थरथरला की धावा, परत थरथरला की चाला. तिसऱ्या आठवड्यात दीड मिनिट आणि ३ मिनिटांचे तुकडे येतात, चौथ्यात ३ आणि ५ मिनिटांचे, आणि माझ्यासाठी इथेच कुठेतरी गोष्ट पलटली, म्हणजे चालायची पाळी आली तरी पाय म्हणत होते की अजून थोडं जाऊ. हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

पाचव्या आठवड्याबद्दल मोकळेपणानं सांगायला हवं कारण बरेच जण तो वाचूनच घाबरतात. पहिल्या दिवशी ५-५ मिनिटांचे तीन तुकडे, दुसऱ्या दिवशी ८-८ मिनिटांचे दोन, आणि तिसऱ्या दिवशी एकदम २० मिनिटं सलग. कागदावर ही उडी वेडेपणाची वाटते. मी ती सिव्हिल लाइन्समध्ये केली, रविवारी सकाळी, कारण तिथे मोठी झाडं आहेत, रस्ते रुंद आहेत आणि रविवारी गाड्या कमी असतात. पहिली ५ मिनिटं वाईट गेली, आणि हे लक्षात ठेवा की पहिली ५ ते ७ मिनिटं पुढेही वाईटच जातात, शरीर गरम व्हायला, श्वास मार्गी लागायला तेवढा वेळ लागतोच, त्यावरून आजचा दिवस कसा जाईल हे ठरवायचं नाही. दहाव्या मिनिटाच्या आसपास श्वास आणि पावलं एका लयीत आली, तीन पावलं श्वास आत, तीन बाहेर. पंधराव्या मिनिटाला मला आठवलं की मी गेला बराच वेळ धावण्याबद्दल विचारच केला नाही, घरी डब्याला काय करायचं हे ठरवून राहिले होते. वीस मिनिटं झाल्यावर फोन थरथरला तेव्हा मी तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या, स्वतःसाठी, रस्त्यावर, आणि बाजूनं जाणाऱ्या दोन काकूंनी पण वाजवल्या, कशासाठी ते न विचारता.

सहाव्या आठवड्यात प्लॅन परत चालायला लावतो, ५, ८, ५ असे तुकडे. तेव्हा वाटते हे मागे कशाला नेऊन राहिले, पण ज्यानं बनवला त्याला माणसं कळतात, मोठं काम झाल्यावर थोडी उसंत दिली आहे. सातव्यात २५ मिनिटं, आठव्यात २८, नवव्यात ३०. आणि एक आठवडा परत करायचा असला तर खुशाल करा, मी केले, ९ आठवड्यांचा प्लॅन माझा बराच लांबला आणि त्यानं काहीच बिघडलं नाही. दम लवकर सुधारतो पण हाडं, सांधे, पायातले स्नायुबंध यांना जास्त वेळ लागतो, म्हणून दम आहे म्हणून मधली सुट्टी खाऊन रोज धावू नका, नडगी दुखायला लागते ती यानंच. नडगीत एका जागी बोट ठेवलं की टोचल्यासारखं दुखत असलं तर धावणं बंद आणि डॉक्टर. शुगर, बीपी, हृदयाचं काही असलं तर सुरू करायच्या आधीच विचारून घ्या.

आता अर्धा मार्क. पहिली गोष्ट, नाव ५के आहे पण शेवट होतो ३० मिनिटांवर. अर्ध्या तासात ५ किलोमीटर व्हायला ६ मिनिटांत एक किलोमीटर पडायला हवा, आणि जो वेग मी वर सांगितला, समजा ८ मिनिटांचा, त्यात पावणेचारच्या आसपास होतात. नवव्या आठवड्यात हे कळलं की काही लोकांचा चेहरा उतरतो. काहून उतरायचा? तीच ३० मिनिटं हळूहळू ४० करा, ५ किलोमीटर आपोआप येतात. पण हे प्लॅननं सुरुवातीलाच ठणकावून सांगायला पाहिजे होतं.

दुसरी गोष्ट, हा थंड देशातल्या लोकांचा प्लॅन आहे, यात उन्हाचा विचार नाही आणि आपल्याकडे ऊन हाच अर्धा प्रश्न आहे. मार्चमध्ये हुरूप येऊन सुरू केलं तर पाचवा-सहावा आठवडा भर एप्रिल-मे मध्ये पडतो, पारा ४४-४५ ला, सकाळी सातलाच झळा लागतात, आणि माणूस म्हणतो मला धावणं जमत नाही. जमत नाही ते ऊन, राजेहो. पावसाळ्यात दुसरंच, तापमान कमी पण हवा दमट, घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून माझा सल्ला, दिवाळीनंतर सुरू करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नागपूरसारखं हवामान नाही, डिसेंबरमध्ये सूर्य पावणेसातला उगवतो म्हणजे मरमर करून पाचला उठायची पण गरज नाही. उन्हाळ्यात सवय चालू ठेवायची असली तर उजाडता उजाडता, साडेपाचला, आणि वेळ कमी, वेग कमी. नव्या उन्हाची सवय व्हायला शरीराला दोनेक आठवडे लागतातच.

जागा कुठली, हे पण लोक विचारतात. आपले बरेचसे रस्ते आता सिमेंटचे झाले, मला तरी मातीच्या मैदानावर पायाला बरं वाटते, त्यामुळे सुरुवातीचे आठवडे घराजवळचं मैदान धरा, चकरा मोजायच्या नाहीत, वेळ धावायची. सेमिनरी हिल्स सुंदर आहे, झाडी आहे, पण चढ आहे, तो आठव्या आठवड्यानंतर. फुटाळा तलाव सकाळी ठीक, रविवारी संध्याकाळी चुकूनही नाही, एवढी गर्दी. सिव्हिल लाइन्स उत्तम, फक्त डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन असलं की विधानभवनाच्या बाजूला बंदोबस्त आणि बॅरिकेड असतात, तेव्हा दुसरीकडे जा. कुत्री मागे लागली तर पळू नका, थांबा, चाला, तसंही प्लॅनमध्ये चालायला परवानगी आहेच.

बायकांसाठी वेगळं लिहिते कारण हे कोणी सांगत नाही. पैसे खर्च करायचे तर आधी चांगल्या स्पोर्ट्स ब्रावर करा, मग बुटांवर. बूट संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, मोजे घालून बघा आणि अंगठ्यापुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा. सीताबर्डीच्या एका दुकानात मला दुप्पट किमतीचा जोड गळ्यात मारायचा प्रयत्न झाला, त्यात म्हणे वेग वाढतो. आपल्याला वेग नकोच आहे. घालून दुकानात दोन चकरा मारा, कुठे टोचलं नाही तर तोच बूट. कपडे सलवार-कुर्त्यापासून ट्रॅकपँटपर्यंत काहीही चालतात, मी जुन्या टीशर्टवरच धावते. आणि लोक बघतात का, तर हो, पहिले काही दिवस बघतात, पोट्टे काहीतरी बोलतात, मग त्यांना सवय होते. माझ्या सासूबाई आधी म्हणायच्या, "या वयात कायले पळून राहिली?" आता सकाळी त्याच विचारतात, "आज तुझा दिवस आहे न? मग चहा आल्यावर ठेवते."

धावून झाल्यावर तर्री पोहे खायचे की नाही यावर आमच्या ग्रुपमध्ये वाद आहे. मी खाते. अर्ध्या तासाच्या हळू धावण्यात काही फार कॅलरी जळत नाहीत, वजन कमी करायला म्हणून हा प्लॅन घेऊ नका, निराश व्हाल. झोप चांगली लागते, तिसऱ्या मजल्यावर चढताना बोलता येते, आणि मला दुपारी ऑफिसमध्ये जी चिडचिड व्हायची ती धावायच्या दिवशी होत नाही, यासाठी घ्या.

नऊ आठवडे झाल्यावर काय, तर काही वेगळं नको, तीच ३० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. एखाद्या दिवशी मन नसलं तर परत पहिल्या आठवड्याचं ६० सेकंद-९० सेकंद लावून निघा, मी अजूनही लावते, विशेषतः उन्हाळ्यात आणि तापातून उठल्यावर. टायमरमध्ये भरायचं ते असं : ५ मिनिटं चालणं, मग ६० सेकंद धावणं आणि ९० सेकंद चालणं असं आठ वेळा, शेवटी ५ मिनिटं हळू चालणं. आवाज बंद, फक्त थरथर ठेवा, म्हणजे फोन हातात धरून सारखा बघायचं काम पडत नाही.