सोसायटीच्या अंगणावर ग्रीन नेट: भुसावळच्या उन्हात कितपत कामाची?

75 टक्के सावलीची नेट दुपारचं ऊन अडवते, यात वाद नाही. घोळ होतो तो उंचीत. बसवणारे पाइप वाचवायला सात-आठ फुटांवरच ताणतात. जाळी स्वतः तापते आणि खाली गरम हवा कोंडते. किमान 12 फूट उंची घ्या, बाजू मोकळ्या ठेवा.

जळगाव-भुसावळ साधारण 21 अक्षांशावर. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर, त्यामुळे इमारतीची सावली अंगणात पोचतच नाही. नेटचा खरा उपयोग तेव्हाच. चारनंतर मात्र ऊन पश्चिमेकडून तिरपं घुसतं. त्या बाजूला गुंडाळता येणारी उभी पट्टी हवीच.

वळवाच्या वाऱ्यात नेट बहुधा कडेला फाटते, कारण तार थेट जाळीत ओवलेली असते. कड दुमडून, शिवून, आयलेट (तार ओवायच्या धातूच्या कड्या) ठोकून घ्या. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

सावलीबाहेरचे पेव्हर ब्लॉक दिवसभर प्यालेली उष्णता रात्री ओकतात. बाज टाकायची तर मातीवर.

कडुनिंब वाढेपर्यंतची सोय म्हणून पाचपैकी साडेतीन. रोपं पश्चिमेला, नेटच्या बाहेर लावा.